उसन्या हृदयाचे दिवस

वाचकहो, जयपूरचे नाव निघाले की आपल्यापैकी कोणाला हवामहाल आठवतो, कोणाला जंतरमंतर, तर कोणाला तेथील बांधणीची लुगडी आणि हलक्या रजया. परंतु ह्या शहराचे नाव धारण करून जी वस्तू जगभर गेली ती आहे एक रबरी पाऊल. १९६८ च्या सुमारास तेथील सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी ते घडविले. त्यापूर्वीच्या विलायती कृत्रिम पायाला बूट हवाच असे; तो लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, की शेतातल्या चिखलातून चालता येत नसे. ह्या दोघांनी आपल्या माणसाचे बसणे-उठणे पाहिले आणि त्याला साजेल असा पाय तयार केला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि शर्मांच्या हाताचा गुण आजही हजारो चालत्या माणसांच्या रूपाने दिसतो.

गमावलेला पाय असा परत मिळू शकतो, तर थकलेल्या हृदयाच्या जागी दुसरे घडविलेले हृदय का बसविता येऊ नये? हा प्रश्न सहज मनात येतो, आणि तो मुळीच भाबडा नाही. गेली साठ-सत्तर वर्षे शास्त्रज्ञ ह्याच प्रश्नामागे आहेत. मात्र पायात आणि हृदयात एक मोठा फरक आहे. पाय गमावलेला माणूस नव्या पायासाठी सहा महिने थांबू शकतो. हृदय थांबले तर माणसाला थांबायला वेळच उरत नाही. म्हणूनच कृत्रिम हृदयाचा आजवरचा सर्वांत मोठा उपयोग कायमचे हृदय म्हणून झालेला नसून, खरे हृदय मिळेपर्यंतचे उसने हृदय म्हणून झाला आहे. आजच्या लेखात आपण त्याचाच विचार करू.

प्रथम थोडे शब्दांविषयी. आपल्या भाषेत हृदय हे प्रेमाचे आणि दयेचेही स्थान आहे. ज्याचे ‘काळीज’ धडधडते म्हणून आपण म्हणतो, ते काळीज खाटकाच्या दुकानात मागितले तर तो यकृत काढून देतो. मराठी माणसाने भीती, माया आणि धाडस ही सारी ह्या दोन शब्दांत वाटून टाकली आहेत. त्यामुळे ‘कृत्रिम हृदय’ हे शब्द कानांवर पडताच मनात थोडी चलबिचल होते. हृदय बदललेल्या माणसाची माया बदलेल काय, असे विचारणारे आजही भेटतात. शरीरशास्त्राचे उत्तर सरळ आहे: माया राहते ती मेंदूत, हृदय हा स्नायूंचा एक पंप आहे. पण तो असा पंप आहे, की दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावतो, मिनिटाला सुमारे पाच लिटर म्हणजे दिवसाला सात हजार लिटर रक्त फिरवितो आणि जन्मभर एक दिवसाची रजा घेत नाही. वजनाने मात्र तो पावशेराहून थोडाच अधिक भरतो.

ह्या पंपाचे चार कप्पे असतात. वरचे दोन रक्त गोळा करतात आणि खालचे दोन ते बाहेर ढकलतात. खालच्या कप्प्यांना जुन्या ग्रंथांत जवनिका म्हणत. आजच्या शालेय पुस्तकांत त्यांना निलय म्हणतात. उजवी जवनिका रक्त फुप्फुसांकडे धाडते आणि डावी ते साऱ्या शरीरभर पोहोचविते. डावीचे काम अधिक कष्टाचे असल्याने बहुधा तीच आधी थकते. हृदयविकाराच्या झटक्याने स्नायूंचा काही भाग मेला, एखाद्या रोगाने ते पातळ आणि सैल झाले, किंवा लहानपणच्या संधिवाती तापाने झडपा बिघडल्या, की तिची शक्ती ओसरू लागते. मग जिना चढताना दम लागतो, पावले सुजतात, रात्री आडवे पडले की श्वास कोंडतो आणि रुग्ण तीन-तीन उशा पाठीशी घेऊन बसून रात्र काढतो. औषधांनी पुष्कळांना वर्षानुवर्षे आराम पडतो. परंतु काहींच्या बाबतीत अशी वेळ येते, की औषधे हतबल होतात आणि डॉक्टर म्हणतात, ‘‘आता दुसरे हृदयच हवे.’’

दुसरे हृदय देण्याचा पहिला प्रयोग डॉ. ख्रिश्चन बार्नार्ड ह्यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे केला. त्यांचा रुग्ण अठरा दिवस जगला. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी एका तरुण शेतकऱ्यावर हीच शस्त्रक्रिया केली. जगातील ती सहावी होती. श्वानांवर दीर्घकाळ प्रयोग करून सेनांच्या पथकाने आपला हात तयार केलेला होता, आणि नवे हृदय धडधडूही लागले. तथापि रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विरोध इतका वाढलेला होता, की त्या विरोधापुढे नवे हृदय टिकले नाही. सुमारे तीन तासांनी रुग्ण दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरात केलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेतील रुग्ण चौदा तास जगला. १९६८ ह्या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदयरोपणे झाली. पण परके हृदय शरीर स्वीकारीत नसल्याने बहुतेक रुग्ण लवकरच गेले, आणि जवळजवळ सर्व देशांनी हे काम बाजूस ठेवले.

पुढे १९८० नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले. परक्या अवयवाविरुद्ध शरीर जे बंड करते ते त्याने आवरता येऊ लागले आणि हृदयरोपणाला पुन्हा चालना मिळाली. आपल्या देशात मात्र आणखी एक अडचण होती. मेंदू पूर्णपणे मृत झाला आणि यंत्राने श्वास चालू राहिला, तर अशा माणसास कायद्याने मृत मानावे की नाही, हेच ठरलेले नव्हते. १९९४ च्या मानवी अवयवरोपण अधिनियमाने ते ठरविले. त्या कायद्यावर राष्ट्रपतींची मोहर उमटून महिना होतो न होतो तोच, ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल ह्यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. तीच तारीख आज ‘भारतीय अवयवदान दिन’ म्हणून पाळली जाते.

मुंबईला यश मिळण्यास डॉ. सेनांनंतर सत्तेचाळीस वर्षे लागली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून तातडीने आणलेले एक हृदय मुलुंड येथील रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे ह्यांनी एका तरुणाच्या छातीत बसविले. त्याच महिन्यात जयपूरच्या महात्मा गांधी रुग्णालयात राजस्थानातील पहिले हृदयरोपण झाले. आणि जानेवारी २०२० मध्ये, ज्या सवाई मानसिंह रुग्णालयाने जगाला जयपूर पाऊल दिले, त्या सरकारी रुग्णालयातही हृदयरोपण झाले. बाडमेर-जैसलमेरकडच्या वाळवंटातील रुग्णास आता ह्या शस्त्रक्रियेसाठी दिल्ली वा चेन्नई गाठलीच पाहिजे असे उरले नाही.

शस्त्रक्रिया साधली, डॉक्टर तयार झाले, कायदा झाला. तरीही एक गोष्ट कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही, आणि ती म्हणजे दात्याचे हृदय. ते रुग्णाच्या रक्तगटाशी जुळावे लागते. सहा फुटी पुरुषास लहानखुऱ्या मुलीचे हृदय पुरत नाही, म्हणून आकारमानही पाहावे लागते. बर्फात जपलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत नव्या छातीत धडधडू लागावे लागते. म्हणून तर वाहतूक थांबवून रुग्णवाहिकेला रस्ता मोकळा करून देतात. मूत्रपिंड ह्याहून बराच अधिक काळ टिकते आणि जिवंत नातलगही एक मूत्रपिंड देऊ शकतो. हृदयाला तशी सोय नाही. आपल्या एवढ्या मोठ्या देशात वर्षाकाठी अडीचशेच्या आसपास हृदयरोपणे होतात. मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या २०२३ साली अकराशेच्या घरात होती. गरज ह्याच्या कितीतरी पट आहे. तेव्हा रुग्णाने वाट पाहावयाची. आणि ज्याचे हृदय दर आठवड्याला अधिक थकत आहे, त्याने ती कशाच्या बळावर पाहावयाची?

येथेच यंत्राचा प्रवेश होतो. ह्या यंत्रांचे मुख्यत्वे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे साहाय्यक पंप. ह्यात रुग्णाचे स्वतःचे हृदय काढीत नाहीत. डाव्या जवनिकेच्या टोकाशी एक लहानसा पंप बसवितात. तो तेथील रक्त ओढून घेतो आणि एका नळीवाटे महारोहिणीत, म्हणजे शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीत, सोडतो. दुसरा प्रकार म्हणजे संपूर्ण कृत्रिम हृदय. जेव्हा दोन्ही जवनिका निकामी होतात, तेव्हा त्या कापून काढून त्यांच्या जागी यंत्र बसवितात. पहिला प्रकार म्हणजे दमलेल्या गड्याच्या मदतीला दुसरा गडी देणे. दुसरा म्हणजे त्याला घरी पाठवून बदली गडी ठेवणे. ह्यांखेरीज एक्मो नावाचे बाहेरून लावावयाचे यंत्र असते. ते हृदय आणि फुप्फुस ह्या दोघांचे काम करते. परंतु त्यावर रुग्णास अतिदक्षता विभागात दिवसांच्या हिशेबाने ठेवता येते, महिन्यांच्या हिशेबाने नव्हे.

ह्या यंत्रांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९५७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. विलेम कॉल्फ आणि डॉ. तेत्सुझो अकुत्सु ह्यांनी एका श्वानाला प्लॅस्टिकच्या हृदयावर सुमारे दीड तास जगविले. हे कॉल्फ म्हणजेच मूत्रपिंडाचे काम करणारे यंत्र ज्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलंडमध्ये घडविले ते गृहस्थ. १९६६ साली ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डिबेकी ह्यांनी एका स्त्रीचे हृदय दहा दिवस साहाय्यक पंपाच्या आधारावर ठेवले. तेवढ्या विश्रांतीने तिचे हृदय सावरले आणि पंप काढता आला. त्याच शहरात ४ एप्रिल १९६९ रोजी डॉ. डेंटन कूली ह्यांनी माणसाच्या छातीत पहिले संपूर्ण कृत्रिम हृदय बसविले. दात्याचे हृदय मिळेपर्यंत रुग्ण जगावा, एवढाच त्याचा हेतू होता. चौसष्ट तास त्या यंत्राने काम केले. मग खरे हृदय बसविले. पण पुढे दीड दिवसाच्या आतच न्यूमोनियाने रुग्ण गेला. म्हणजे पहिले कृत्रिम हृदय जन्मास आले तेच मुळी उसने म्हणून.

मध्यंतरी ते कायमचे करण्याची हौस झाली. डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतील यूटा येथे डॉ. विल्यम डेव्हरीज ह्यांनी बार्नी क्लार्क ह्या दंतवैद्यास ‘जार्विक-७’ हे हृदय बसविले. एका मोठ्या कपाटाएवढ्या हवेच्या यंत्राशी नळ्यांनी जखडलेले ते गृहस्थ ११२ दिवस जगले. त्यांच्या धैर्याचे कौतुक झाले. परंतु असे जगणे कितपत इष्ट, असा प्रश्नही सर्वत्र विचारला गेला. १९८५ साली ॲरिझोनात डॉ. जॅक कोपलँड ह्यांनी तेच हृदय पुन्हा उसने म्हणून वापरले आणि खऱ्या हृदयापर्यंत रुग्णास सुखरूप नेले. त्याच घराण्यातील सुधारलेल्या हृदयाची कसोटी २००४ साली प्रसिद्ध झाली: ते बसविलेल्या रुग्णांपैकी शेकडा ७९ जण रोपणापर्यंत जगले, तशाच अवस्थेतील, पण ते न बसविलेल्या रुग्णांपैकी शेकडा ४६.

अगदी अलीकडची गोष्ट सांगावयाची, तर ऑस्ट्रेलियातील अभियंते डॅनियल टिम्स ह्यांनी टायटॅनियमचे असे हृदय घडविले आहे, की त्यात फिरणारा एकच भाग आहे आणि तो चुंबकाच्या बळावर कोठेही न टेकता अधांतरी फिरतो. घर्षण नाही, म्हणून झीज नाही. जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टनला ते प्रथम एका रुग्णास आठ दिवस उपयोगी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिडनीतील एका रुग्णाला ते बसविले; तो फेब्रुवारी २०२५ मध्ये ते घेऊन रुग्णालयाबाहेर पडला आणि शंभराहून अधिक दिवसांनी, मार्चमध्ये, त्याला दात्याचे हृदय मिळाले.

आपल्या देशात ज्यांना असा आधार मिळतो त्यांना बहुधा पहिल्या प्रकारचा, म्हणजे डाव्या बाजूचा साहाय्यक पंप मिळतो. त्याची घडण समजून घेऊ. पंप मुठीत मावेल एवढा असतो. त्याचे चाक मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेते. त्याची एक तार पोटाच्या कातडीतून बाहेर येते आणि कमरेच्या पट्ट्यावरील नियंत्रकाला जोडलेली असते. नियंत्रकाला दोन बॅटऱ्या असतात. दिवसा रुग्ण बॅटऱ्यांवर हिंडतो-फिरतो आणि रात्री घरातील विजेवर पंप चालवून झोपतो.

आता एक विलक्षण गोष्ट. आपल्याकडे आजाऱ्यापाशी बसलेले वडीलधारे माणूस प्रथम त्याचे मनगट हाती घेते. नाडी लागली की जीवात जीव येतो. हा पंप मात्र रक्त ठोक्याठोक्याने न ढकलता पाटाच्या पाण्यासारखे अखंड वाहते ठेवतो. त्यामुळे समोर हसत-बोलत बसलेल्या माणसाची नाडी पुष्कळदा हाताला लागतच नाही, आणि नेहमीच्या यंत्राने रक्तदाबही नीट मोजता येत नाही. शेजारचे लोक, गावचा डॉक्टर, रुग्णवाहिकेतील सेवक ह्या सर्वांना ही गोष्ट आधी सांगून ठेवावी लागते; नाहीतर जिवंत माणसाभोवती आकांत व्हावयाचा.

ह्या पंपाचे लाभ निव्वळ जगण्यापुरते नाहीत. पुरेसे रक्त मिळाले की मूत्रपिंडे आणि यकृत सावरतात, अन्न अंगी लागते, रुग्ण चालू-फिरू लागतो. आणि रोपणाची शस्त्रक्रिया ज्या शरीरावर व्हावयाची ते अधिक सशक्त होते. आणखी एक लाभ डॉ. सेनांच्या पहिल्या रुग्णाची आठवण करून देतो. ज्यांच्या फुप्फुसांतील दाब वाढलेला असतो, त्यांना नवे हृदय बसविणे घातक ठरते. आज तो दाब शस्त्रक्रियेपूर्वीच मोजतात. आणि डाव्या बाजूचा पंप काही महिने चालला की तो दाब पुष्कळांच्या बाबतीत उतरतो व ज्याला रोपण नाकारले होते तो रुग्ण त्यास योग्य ठरतो. १९६८ साली के. ई. एम.मध्ये हे साधन असते तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

परंतु वाचकहो, दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तार जेथून बाहेर येते तेथे जंतूंचा शिरकाव होऊ शकतो. म्हणून त्या जागेची मलमपट्टी घरच्या माणसाला स्वच्छ हातांनी, नियमाने करावी लागते. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवणारी औषधे घ्यावी लागतात. त्यांच्यामुळे आतड्यांतून रक्तस्राव होऊ शकतो, आणि औषध कमी पडले तर गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. नदीवर वा तलावात डुंबणे बंद होते. जेथे वीज चार-चार तास जाते तेथे विजेची दुसरी व्यवस्था केल्याखेरीज रुग्णास घरी नेता येत नाही. थोडक्यात, यंत्र रुग्णाच्या छातीत बसते, पण त्याचा संसार साऱ्या घराला करावा लागतो.

आणि खर्च! हे पंप परदेशातून येतात आणि त्यांची किंमत कोटीच्या घरात जाते. शेत विकून, दागिने मोडूनही ती बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यात येत नाही. म्हणूनच कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ‘हृदयंत्र’ ह्या नावाने स्वदेशी पंप घडविण्याचे जे काम हाती घेतले, त्याकडे आशेने पाहावेसे वाटते. ही आशा निराधार नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप देशातच घडविली. डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम बसविली गेली, आणि परदेशी झडपेच्या मानाने ती पुष्कळच स्वस्त पडली. जयपूर पावलाची कथाही हेच सांगते. मात्र पायाला एक कारागीर आणि एक शल्यचिकित्सक पुरले. पंपाला धातू, चुंबक, रक्त आणि वीज ह्या चारही शास्त्रांचे जाणकार एकत्र बसावे लागतात, आणि माणसाला बसविण्यापूर्वी तो प्राण्यांवर दीर्घकाळ पारखावा लागतो. येथे घाई करून चालत नाही.

काही वाचक विचारतील, की एका माणसासाठी कोटी रुपये वेचण्यापेक्षा तेवढ्या पैशांत हजारो मुलांचे औषधपाणी होणार नाही काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊ नये. सरकारी तिजोरीचा पहिला पैसा रोग टाळण्याकडेच गेला पाहिजे. मुलांच्या घशाच्या दुखण्यावर वेळीच दिलेले पेनिसिलिन पुढची कित्येक हृदये वाचविते. परंतु ज्या घरातील तिशीचा कर्ता मुलगा आज तीन उशांना टेकून श्वास मोजीत बसला आहे, त्या घराला हे उत्तर पुरत नाही. दोन्ही कामे करावी लागतील; आणि यंत्र देशात, कमी खर्चात घडविणे हाच ह्या पेचातून निघण्याचा मार्ग आहे.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. ह्या यंत्राला वैद्य लोक ‘पूल’ म्हणतात: आजारी हृदयापासून निरोगी हृदयापर्यंतचा पूल. उपमा सुंदर आहे. पण पुलाला पैलतीर असावा लागतो. समजा, एखाद्या राज्यात ह्या वर्षी दहा रुग्णांना हृदय हवे आहे आणि दात्यांची हृदये मिळाली चार. यंत्र नसेल तर उरलेल्या सहांपैकी पुष्कळजण वर्षअखेरपर्यंत जाणार. यंत्र असेल तर ते सहा जगतील. पुढील वर्षी नवे दहा येतील. म्हणजे रांग सोळांची, आणि हृदये पुन्हा चारच. यंत्राने माणसे वाचविली हे खरे. पण एकही हृदय निर्माण केले नाही. दाते वाढले नाहीत तर पूल लांबत जातो आणि त्यावरची गर्दी वाढत जाते. म्हणूनच कित्येक देशांत आता हा पंप कायमचा म्हणूनही बसवू लागले आहेत. नव्या पंपावरील निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असल्याचे दिसून आले आहे. तरीही खरे हृदय मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक दहा वर्षांपलीकडे जगतात, आणि तेही तार वा बॅटरी ह्यांवाचून.

तेव्हा ज्या कुटुंबापुढे यंत्र बसविण्याचा प्रश्न येईल, त्याने डॉक्टरांना काही गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. यंत्र थोड्या दिवसांसाठी आहे की महिन्यांसाठी? रुग्णाचे नाव प्रतीक्षायादीत केव्हा लागेल, आणि त्याचा रक्तगट व बांधा पाहता किती थांबावे लागेल? यंत्रावर असताना अर्धांगवायू झाला किंवा मूत्रपिंडे गेली, तर रोपणाचा मार्ग बंद होईल काय? दुरुस्तीसाठी रात्री-अपरात्री कोणाला बोलवावयाचे? आणि हृदय मिळालेच नाही, तर पुढे काय? हा शेवटचा प्रश्न ओठांवर येत नाही. पण तो रुग्ण शुद्धीवर असताना, त्याच्या देखतच विचारलेला बरा. आपल्याकडे आजाऱ्यापासून सारे लपविण्याची रीत आहे. तार ज्याच्या पोटातून निघणार, त्याला तिचे मोल आणि तिचा धोका दोन्ही ठाऊक असावेत हा त्याचा अधिकार आहे.

आणि ज्या कुटुंबात असा रुग्ण नाही, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत, त्यांनी पुलाच्या पैलतीराचा विचार करावा. मेंदूमृत्यू म्हणजे बेशुद्धी नव्हे. बेशुद्ध माणूस परत येऊ शकतो. मेंदूचा मूळ स्तंभ मृत झालेला माणूस परत येत नाही, यंत्राने छाती हलती दिसली तरीही. कायद्याप्रमाणे हा निर्णय चार डॉक्टरांचे मंडळ देते, आणि तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. अवयव काढल्यावर शरीर नीट शिवून, विटंबना न होता घरच्यांच्या स्वाधीन केले जाते. अंत्यविधी आपापल्या रीतीप्रमाणे करता येतात. दात्याच्या कुटुंबास अवयवदानाचा कोणताही खर्च सोसावा लागत नाही, आणि ह्या व्यवहारात एका पैशाचीही देवघेव करणे गुन्हा आहे.

माणसाने हयातीत दानपत्र भरून ठेवले असले, तरी त्या प्रसंगी अखेर घरच्यांनाच विचारले जाते. तो प्रसंग कसा असतो? बहुधा अपघात झालेला असतो; तरुण मुलगा किंवा सून काल सकाळी हिंडतफिरत होती आणि आज आत यंत्राला लावलेली असते; बाहेर बाकावर बसलेल्या आईबापांसमोर एखादा समुपदेशक हलक्या आवाजात हा विषय काढतो. त्या क्षणी नवा विचार करण्याची शक्ती कोणाजवळ उरलेली असते? ‘त्याची इच्छा काय होती’ एवढे जरी ठाऊक असेल, तरी पुष्कळ ओझे हलके होते. आपल्या घरांत विम्याच्या हप्त्याविषयी आपण निःसंकोचपणे बोलतो. मृत्यूचा विषय काढला की ‘अशुभ बोलू नको’ म्हणून गप्प बसवितो. रात्रीची जेवणे आटोपल्यावर, सर्वजण धडधाकट असताना, एकदा हा विषय काढून पाहावा. होकारच मिळाला पाहिजे असे नाही. कोणी नको म्हटले तर तेही सर्वांना ठाऊक राहील आणि त्या इच्छेचा मान राखला जाईल.

जयपूर असो, मुंबई असो वा चेन्नई, रोपणाच्या प्रत्येक केंद्रात आज कोणी ना कोणी वाट पाहत आहे. त्यांच्यापैकी ज्यांना उसने हृदय मिळाले त्यांना विज्ञानाने थोडे दिवस दिले आहेत. त्यापुढचे दिवस देणे विज्ञानाच्या हातात नाही. ते तुमच्या-आमच्या घरांतील संमतीवर अवलंबून आहे.

पुढील अंकी आपण ह्या साऱ्याच्या मुळाशी जाऊ: मुलाच्या साध्या घशाच्या दुखण्यातून हृदयाची झडप कशी बिघडते, आणि ते टाळण्यासाठी घरच्या घरी काय पाहावे, ह्याचा विचार करू.